ओळख असेल तर या

विद्यापीठात इतिहास आणि पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलांना ग्रंथालयाच्या सोयी पुरेशा आहेत का, हा विषय पुण्यात निघाला की पाच मिनिटांत त्याचा विचका होतो. एक जण म्हणतो, मुलं वाचतच नाहीत. पुण्यासारखं शहर उशाशी असून गाइडवर पास होतात. दुसरा म्हणतो, आता सगळं मोबाइलवर आहे, ग्रंथालयं हवीत कशाला? तिसरा बहुधा एखाद्या संस्थेचा पदाधिकारी असतो, आणि आमच्याकडे अमूल्य ठेवा आहे एवढंच तो ऐकवतो. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि तिघंही मूळ प्रश्नाला बगल देतात. पुण्यात साधनांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई आहे ती हक्काने आत जाऊन बसण्याची. या शहरात पुस्तक मिळतं ते ओळखीवर. ज्याला ओळख नाही त्याच्यासाठी हे विद्येचं माहेरघर म्हणजे बंद दारांची एक लांबलचक रांग आहे. आधी हे कबूल करू, मग मुलं वाचतात की नाही यावर बोलू.

साधनं आहेत तरी किती! गणेशखिंडीत विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, येरवड्याला डेक्कन कॉलेज, लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, स्टेशनकडच्या भागात पुराभिलेखागार आणि त्यातलं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेत भारत सेवक समाजाच्या काळापासून साठत आलेला अहवालांचा नि सरकारी प्रकाशनांचा संग्रह. भांडारकर संस्थेत सुमारे २८,००० हस्तलिखितं आहेत. मंडळात मोडी आणि फारसी कागद लाखांच्या घरात. (मंडळ ७ जुलै १९१० चं आणि भांडारकर ६ जुलै १९१७ चं, पुण्याला आषाढात संस्था काढण्याची हौस असावी.) भारतातल्या किती शहरांत इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बसच्या एका पासात एवढं येतं? पण या प्रत्येक ठिकाणचा कारभार वेगळा, वेळा वेगळ्या, सभासदत्वाचे नियम वेगळे, कुठे अनामत, कुठे शिफारसपत्र, कुठे फक्त आतल्याच विद्यार्थ्यांना प्रवेश. इतिहास एका विद्यापीठात शिकवला जातो आणि पुरातत्त्व दुसऱ्यात, म्हणजे डेक्कन कॉलेजात. सातवाहनांवर लिहिणाऱ्या इतिहासाच्या मुलाला उत्खननाचे अहवाल लागतात ते येरवड्याला, आणि मराठाकालीन गढीचं सर्वेक्षण करणाऱ्या पुरातत्त्वाच्या मुलीला लागणारी पत्रं सदाशिव पेठेत. विषयाची वाटणी पुस्तकांना कुठे माहीत असते?

माझ्या एका विद्यार्थिनीला १९३० च्या दशकातला एका त्रैमासिकाचा अंक हवा होता. मुलगी बीड जिल्ह्यातली, घरात एम.ए.पर्यंत पोचलेली पहिलीच. शहरातल्या एका जुन्या संस्थेत ती विभागाचं पत्र घेऊन गेली. काउंटरवरच्या गृहस्थांनी पत्र न उघडता विचारलं, "कोणाकडून आलात?" तिने विभागाचं नाव सांगितलं. "ते कळलं हो. पण कोणाकडून?" पत्रावर सही कोणाची, शिक्का गोल का नाही, अंक नक्की कशासाठी हवा, चिटणीस गुरुवारी येतात, तेव्हा या. ती तिथे उभी असतानाच दुसरा एक मुलगा आला. "ये ये, सरांचा फोन आला होता," म्हणून त्याला खुर्ची मिळाली आणि वीस मिनिटांत गठ्ठाही. ते गृहस्थ काही दुष्ट नव्हते. त्या मुलीला जाताना त्यांनी पाणी विचारलं, गुरुवारी लवकर या म्हणजे गर्दी नसते, असंही सांगितलं. गुरुवारी तिची परीक्षा होती. या व्यवस्थेत कोणी कोणाला नाही म्हणत नाही, हीच तिची खुबी आहे. नाही म्हटलं असतं तर निदान तक्रार तरी करता आली असती.

हे पुण्याला नवीन नाही, आणि इतिहासाच्या लोकांना तर मुळीच नाही. पेशवाई बुडाल्यावर दफ्तर इंग्रजांच्या हाती गेलं. इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या काळात ते लावलं गेलं आणि मग कितीतरी वर्षं ते महसुली कामाचा सरकारी ऐवज म्हणून कुलपात राहिलं. कागद उघडे केले तर इनामांचे जुने दावे उकरले जातील, ही सरकारची धास्ती. आत कोणाला जाता आलं? न्यायमूर्ती रानड्यांसारख्या वजनदार माणसाला शब्द टाकता आला, आणि गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेले उतारे पुढे छापून आले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना सरकारी दार उघडं नव्हतं. ते गावोगाव पायी हिंडले, वाड्यावाड्यांतल्या माळ्यांवरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडवून घेतले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढत गेले. ज्यांच्या घरी ते जात त्यांनाही तोच प्रश्न पडे, हा कोण, कोणाकडून आला? १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तराचे ४५ भाग संपादून बाहेर काढले तेव्हाही दफ्तर सगळ्यांना खुलं झालं नव्हतं. सरकारने विश्वासातला माणूस निवडला होता, आणि इतिहासकार जदुनाथ सरकार त्याच्या पाठीशी होते. मंडळातल्या संशोधकांशी या दोघांचा उडालेला खटका प्रसिद्धच आहे. मंडळाची तक्रार काय होती? दफ्तर निवडक लोकांच्या मर्जीवर नको, अभ्यासकांना मोकळं करा. तक्रार रास्त होती. आज शंभर वर्षांनी, त्याच लढ्यात वाढलेल्या पुण्यात, छापील पुस्तकासाठीसुद्धा चिटणीसांच्या गुरुवारची वाट बघावी लागते, ही गोष्ट कोणालाच खटकत नाही?

आता 'सगळं ऑनलाइन आहे' म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांची बाजू कच्ची नाही. राजवाड्यांचे खंड, पेशवे दफ्तराचे भाग, मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स, कोरीव लेखांचं 'एपिग्राफिया इंडिका', १९५३-५४ पासूनचे 'इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू'चे अंक आज फोनवर फुकट उतरवता येतात. यूजीसीच्या २००९ च्या नियमानंतरचे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर आहेत. लातूरच्या मुलाला संदर्भासाठी पुण्याला येऊन खोली घ्यावी लागत नाही. ज्याने कधी कार्डांच्या खणात धुळीत बोटं घातली आहेत तो या सोयीला नावं ठेवणार नाही.

पण पुरातत्त्वाचा अहवाल मोबाइलवर उघडून बघा एकदा. इनामगावचं उदाहरण घ्या. आपल्याच जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठचं ताम्रपाषाणयुगीन गाव, १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने खणलेलं. पाच खोल्यांचं एक घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार, यावरून तिथे गावचा कोणी प्रमुख राहत असावा असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष पाठ करायला चार ओळी पुरतात. तो तपासायचा असेल तर घरांचा आराखडा पसरून बघावा लागतो, कोणती जमीन कोणत्या थरात येते ते छेदाच्या, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीत दिसणाऱ्या थरांच्या, रेखाटनावरून जुळवावं लागतं, खापरांची चित्रं शेजारी ठेवावी लागतात. अशी रेखाटनं जुन्या अहवालांत घडीच्या पानांवर असतात. स्कॅन करणाऱ्याला पानामागे पैसे मिळतात. तो घडी उलगडत बसत नाही. म्हणून कित्येक स्कॅनमध्ये आठ फुटांच्या खड्ड्याचा छेद म्हणजे एका कोपऱ्यातला उत्तर दिशेचा बाण आणि प्रमाणपट्टीचा अर्धा तुकडा, बाकी दुमडलेला कागद. मुलं मग छेद न बघता छेदावरचा परिच्छेद उतरवतात. दोष मुलांचा? शिवाय ऑनलाइन साठ्याचा भरवसा तरी काय! डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा आपला सरकारी प्रकल्प लाखो पुस्तकं चढवून पुढे बंद पडला. त्यातली बरीच पुस्तकं आज हाताशी आहेत ती परदेशातल्या इंटरनेट अर्काइव्हने प्रती ठेवल्या म्हणून.

शिवाय जे ऑनलाइन आहे ते बहुतेक एकतर फार जुनं आहे किंवा अगदी नवीन. मधलं गायब. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. सरदेसाई १९५९ मध्ये गेले, त्यांचं लेखन आता मुक्त आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया १९८९ मध्ये गेले. त्यांची स्वतःची पुस्तकं २०४९ संपेपर्यंत कायद्याच्या कुंपणात राहतील. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया ज्या चाळीस-पन्नास वर्षांत जोर्वे, नाशिक, नेवासे इथल्या उत्खननांनी घातला गेला, ती वर्षं नेमकी या मधल्या पट्ट्यात येतात. पुस्तक दुकानात नाही, पुनर्मुद्रण नाही, स्कॅन कायदेशीर नाही. मग उरतं काय? कपाटातली प्रत. केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेचा हवाला हल्ली फार दिला जातो. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरूही झाली. चांगली योजना आहे, वादच नाही. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, आणि त्यात परदेशी नियतकालिकं आहेत. पेठेतल्या ट्रस्टने काढलेलं मराठी त्रैमासिक त्या १३,००० मध्ये शोधून दाखवा.

संस्थांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र पैशांचा नाही, भीतीचा आहे. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. पुस्तकं फेकली, हस्तलिखितांची नासधूस केली. ज्या संस्थेने हे सोसलं तिला 'दार सताड उघडा' असं शहाणपण बाहेरून शिकवणं सोपं आहे. त्या दिवसानंतर जो ग्रंथपाल अनोळखी चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघतो त्याला मी दोष देणार नाही. पण विचार करा, जमावातले लोक मागणी-चिठ्ठी भरून आले होते का? शिफारसपत्राच्या अटीने त्यांना अडवलं असतं का? अनामत रक्कम ही दंगलीवरची तटबंदी नव्हे. उलट ज्या वास्तूत गावातल्या सामान्य घरातलं पोर कधी पायच ठेवत नाही, तिच्याबद्दल कोणीही काहीही सांगावं आणि ते खपावं, असं होतं. आत काय चालतं, कोण बसतं, कोणासाठी चालतं, याबद्दलचा संशय बंद दारामागेच पोसतो. दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतली दोनशे मुलं जिथे बसून गेली आहेत, त्या संस्थेच्या बाजूने बोलायला गावागावांत माणूस असेल. संरक्षण म्हणूनसुद्धा हे पोलीस चौकीपेक्षा टिकाऊ आहे.

चोऱ्या होतात, पानं फाडली जातात, हेही खरं. ब्लेडने अलगद कापून नेलेलं चित्रपत्र ज्याने पाहिलंय त्याला ग्रंथपालाचा संताप कळतो. पण इथे एक गोम आहे. दुर्मीळ ऐवजाला पाय फुटतात तेव्हा ते दर वेळी नवख्याचेच असतात असं नाही. ज्याला गठ्ठा घरी न्यायची मुभा होती, ज्याची पिशवी कोणी तपासत नव्हतं, अशा जुन्या जाणत्या माणसाकडे गेलेलं पुस्तक परत येत नाही, असा अनुभव कुठल्याही ग्रंथपालाला खासगीत विचारा. ओळखीचा कारभार नोंदीच्या कारभारापेक्षा कमी सुरक्षित असतो. ओळखपत्र, नोंदवही, काउंटरसमोरचं टेबल, बाहेर पडताना तपासणी, हे सगळ्यांना सारखं लावा. मुलं खुशीने पाळतील. फोटोकॉपीबाबतही तेच. 'कायद्याने देता येत नाही' असं सरसकट सांगितलं जातं, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी अभ्यास-संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देतं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठातल्या फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात शिक्षणासाठीच्या प्रतींच्या बाजूने कौल दिला होता. कागद ठिसूळ झालाय म्हणून प्रत देत नाही, हे कारण मला शंभर टक्के मान्य आहे. मग तसं सांगा, कायद्याच्या आड लपू नका.

राहता राहिला पहिला आरोप, मुलं वाचत नाहीत हा. बहुसंख्य मुलं वाचत नाहीत, हे मी वर्गात रोज बघतो. ते नाकारून चालणार नाही. मोडी येत नाही, फारसी तर नाहीच, इंग्रजी अहवाल जड जातो. आणि ग्रंथालय भरलेलं दिसतं ते अभ्यासिकेमुळे. सकाळी सातला पाठपिशवी ठेवून जागा धरायची, स्वतःचीच पुस्तकं, स्वतःच्याच नोट्स, चार्जिंगचं एक सॉकेट, आणि रात्रीपर्यंत एमपीएससी. या मुलांबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. त्यांच्या खोलीत चार जण राहतात, त्यांनी बसायचं कुठे? पण खुर्च्या, पंखे आणि वाय-फाय यांवरचा खर्च ग्रंथालयावरचा खर्च म्हणून दाखवला जातो, 'रोज इतके वाचक' असा आकडा नॅकच्या, म्हणजे विद्यापीठ-महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, तक्त्यात भरला जातो, आणि कपाटातून दिवसात किती पुस्तकं बाहेर निघाली हे कोणी विचारत नाही. अभ्यासिका हवीच. ती ग्रंथालयाच्या हिशेबात मोडू नये, इतकंच.

आणि मुलं साधनांपर्यंत जात नाहीत याचं एक कारण आम्ही मास्तर लोक आहोत. पदव्युत्तर वर्गाच्या कोणत्या प्रश्नपत्रिकेत, एक मूळ कागद वाचल्याशिवाय सोडवता येणार नाही असा प्रश्न असतो? जे परीक्षेत लागत नाही, आणि जिथे गेलं तर 'कोणाकडून आलात' विचारतात, तिथे वीस वर्षांचं पोर दोन बस बदलून का जाईल? दार बंद म्हणून जाणं नाही, जाणं नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून दार बंद, हे चक्र मुलांच्या बाजूने फुटणार नाही. ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांनीच सुरुवात करायला हवी.

करायचं काय, हे काही अवघड कोडं नाही. इतिहास, पुरातत्त्व, प्राच्यविद्या शिकणाऱ्या प्रत्येक पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्याला शहरातल्या सगळ्या सहभागी ग्रंथालयांत बसून वाचता येईल असं एकच वाचकपत्र, आणि या सगळ्या ग्रंथालयांची मिळून एक संगणकीय सूची. हे अशक्य म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा १,२०० हून अधिक हस्तलिखितं पाहिली गेली. काश्मीरपासून केरळपर्यंतचे संग्रह, तंजावर आणि शांतिनिकेतनला पाठभेद नोंदवायची केंद्रं, वेगवेगळ्या लिप्या, आणि हे सगळं पत्रव्यवहारावर, १९१९ ते १९६६. ज्या शहराने हे जमवलं त्याला स्वतःच्या हद्दीतल्या पाच-सहा याद्या जुळवता येऊ नयेत? दुसरी गोष्ट जवळची. १९९० च्या दशकात विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक यांनी 'पुणेनेट' नावाने शहरातल्या ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं होतं. तेव्हा संगणक दुर्मीळ होते. आज 'कोहा'सारखी ग्रंथालयाची संगणक प्रणाली फुकट मिळते आणि बऱ्याच ग्रंथालयांच्या याद्या संगणकावर आहेत. हवी आहे ती एकमेकांशी बोलायची इच्छा. दत्तो वामन पोतदार वर्षानुवर्षं मंडळाचं काम बघत होते आणि १९६० च्या दशकात विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इतका घरोबा असूनही गणेशखिंडीतल्या मुलाला सदाशिव पेठेत हक्काची खुर्ची मिळालेली नाही. व्यक्तींच्या घरोब्यातून व्यवस्था उभी राहत नाही, हे तिथेच दिसतं.

पैसा कोणी द्यायचा? विद्यापीठाने. हे सरळ म्हणायला लोक कचरतात. ट्रस्टवर चालणाऱ्या संस्थांचं व्याजाचं उत्पन्न आटलंय, निवृत्त माणसाच्या जागी माणूस येत नाही, संध्याकाळी दिवे चालू ठेवणंसुद्धा परवडत नाही. त्यांनी सगळ्यांना फुकट सेवा द्यावी, अशी अपेक्षा करणं म्हणजे दुसऱ्याच्या पंक्तीला आपले पाहुणे बसवणं. विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याकडून ग्रंथालय शुल्क घेतं. ज्या मुलाला लागणारी पुस्तकं विद्यापीठाकडे नाहीत आणि दुसऱ्या संस्थेकडे आहेत, त्याच्या शुल्कातला वाटा त्या संस्थेकडे जायला हवा, तोही बसलेल्या वाचकांच्या नोंदीप्रमाणे. म्हणजे नवा चेहरा दारात आला की त्या संस्थेला ओझं वाटणार नाही, उत्पन्न वाटेल. त्या पैशातून संध्याकाळी सहा ते नऊ एक माणूस ठेवता येईल; नोकरी करून शिकणाऱ्यांना तेवढाच वेळ मोकळा असतो.

मूळ मोडी कागद, हस्तलिखितं, ताम्रपट यांना वेगळा नियम असू द्या. तिथे मार्गदर्शकाचं पत्र मागा, हातमोजे घालायला लावा, शेजारी माणूस बसवा. छापील पुस्तकं, त्रैमासिकांचे जुने अंक, उत्खननाचे अहवाल, २००९ च्या आधीचे टंकलिखित प्रबंध यांच्यासाठी मात्र वाचकपत्र आणि चिठ्ठी एवढंच पुरे. नकार द्यायचा असेल तर तो कारणासह लेखी द्या. सगळ्या संस्था पहिल्याच वर्षी तयार होणार नाहीत, आणि व्हायलाच हव्यात असंही नाही. दोन तयार झाल्या तरी जूनच्या प्रवेशाच्या वेळी मुलांच्या हातात माहितीपत्रकाबरोबर वाचकपत्र देता येईल, आणि पहिल्या सत्राच्या अखेरीस किती जण खरंच जाऊन बसले, त्याचा हिशेब वर्तमानपत्रात छापता येईल.